घराण्याचं काळीज

हळूबाईला पळताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. शाळेची घंटा होवो, पाऊस येवो, बस सुटो, ती चालतच जायची. एकदा शेजारचा कुत्रा भुंकत तिच्या मागे लागला, तेव्हाही ही चालतच राहिली. शेवटी कुत्र्यालाच लाज वाटली आणि तो परत फिरला. सोळा वर्षांची धडधाकट पोर, पण चाल अशी, की हातात काठोकाठ भरलेला पेला आहे आणि तो सांडला तर घरी बोलणी बसतील. तिचं खरं नाव घरच्यांनी केव्हाच बासनात गुंडाळून ठेवलं होतं. हळूबाई म्हणजे हळूबाई, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे, कारण घरात हळू माणूस ती एकटी नव्हती.

बाबा तिच्याहून हळू होता. तो ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधायचा. खोलीत एक लांब टेबल, हाताने फिरवायचा लोखंडी दाब, खळीचं पातेलं, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, आणि लोकांनी वाचून, पालथी घालून, उशीखाली दाबून खिळखिळी केलेली पुस्तकं. बाबा एकेकाचा पुठ्ठा सोडवायचा, जुनी शिवण उसवायचा, पानांचे गठ्ठे क्रमाने लावायचा आणि पुन्हा शिवायला घ्यायचा. एका पुस्तकाला दीड दिवस. "घाई केली की पुस्तक तिरकं बसतं," असं तो म्हणायचा. ग्रंथालयातल्या लोकांना वाटायचं, या कामामुळे माणूस असा संथ झाला. खरी गोष्ट उलटी होती. संथ राहणं भाग होतं म्हणून त्याने हे काम धरलं होतं.

भाग होतं ते घराण्याच्या काळजामुळे. बाबाच्या घराण्यात हृदयाचा स्नायू वर्षागणिक जाड होत जायचा आणि बाहेरून काही म्हणता काही दिसायचं नाही. आजोबा चव्वेचाळिसाव्या वर्षी पलंगाखालची चप्पल काढायला वाकले ते उठलेच नाहीत. काका एकतिसाव्या वर्षी जिन्यावरून कपाट वर नेताना गेला. कपाट पोचलं, काका पोचला नाही. आत्या उरली होती, गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवून. "आमच्या वडिलांनी ना घर ठेवलं ना दार," आत्या म्हणायची, "ठेवलं ते हे जाडं काळीज. पण माणूस न्यायी हो, सगळ्या पोरांना सारखं वाटून गेला!" आणि स्वतःच इतकी हसायची, की बाबाला "अगं, सावकाश" म्हणावं लागायचं.

हळूबाई चार वर्षांची झाली त्या वर्षी बाबाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मुलीलाही दरवर्षी तपासायचं. तेव्हापासून थंडी संपता संपता एक गुरुवार बापलेकीचा असायचा. बाबा सुट्टी काढायचा, तिची शाळा बुडायची आणि दोघं रुग्णालयापर्यंत चालत जायची. वाटेत कुणाला मागे टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हाताऱ्या बायका, बाळांच्या गाड्या ढकलणारे बाप, काठी टेकत निघालेले पेन्शनर, सगळे त्यांना ओलांडून पुढे जायचे. त्यामुळे हळूबाईला आपलं शहर बारकाव्यानं पाठ होतं. न्हाव्याच्या आरशात समोरच्या इमारतीची कोणती खिडकी दिसते, टपाल कचेरीच्या भिंतीवरची ओल दर वर्षी कुठवर चढते, कोणत्या पायरीचा दगड वेगळ्या खाणीतला आहे, हे तिला ठाऊक होतं. पळणाऱ्यांना यातलं काय दिसणार, असं तिला वाटायचं, आणि पळणाऱ्यांची थोडी कीवही यायची.

तपासणीची खोली अंधारी असायची. दोन खाटा, मध्ये निळा पडदा. छातीवर गार चिकट काहीतरी लावलं जायचं आणि समोरच्या यंत्राच्या काचेवर करड्या पाण्यात काहीतरी उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. मग तंत्रज्ञ बाई आवाज सुरू करायच्या. तिच्या खाटेवरून चुळुक चुळुक असा, बोरू शाईत बुडवावा तसला नाजूक आवाज. पडद्यापलीकडून जड, ओलं, दमलेलं काहीतरी. दोन्ही आवाज खोलीत एकमेकांत मिसळून जायचे आणि हळूबाईच्या डोळ्यांवर पेंग यायची. सहा वर्षांची असताना तिने मनाशी ठरवलं होतं, की हे काळीज एकच आहे. एका माणसाला झेपेना म्हणून ते दोघांत ठेवलंय. पुढे शाळेत शरीरशास्त्र शिकवलं गेलं, पण त्या अंधाऱ्या खोलीत शरीरशास्त्राचं काही चालायचं नाही.

"अजून तरी काही नाही हं," तंत्रज्ञ बाई दर वर्षी तिला सांगायच्या. मग खालच्या उपाहारगृहात दोघं कॉफी घ्यायची, आणि बाबा कप उचलून म्हणायचा, "अजून तरी!" तीही कप उचलून म्हणायची, "अजून तरी!"

या सगळ्याची भरपाई शाळेत करावी लागायची. शर्यती नकोत, जीव तोडून खेळणं नको, अशी डॉक्टरांची चिठ्ठी तिच्या नावावर होती. क्रीडादिनी बाकीच्या मुली धावायच्या आणि ही त्यांच्या पिशव्या सांभाळत बसायची. पुढे व्यायामशिक्षिकेने दया येऊन तिच्या हातात वेळ मोजायचं घड्याळ दिलं. तेव्हापासून शंभर मीटर कोण किती सेकंदांत गेलं हे सगळ्या शाळेत तिला तोंडपाठ. स्वप्नात मात्र ती पळायची. स्वप्नात रस्ता मऊ असायचा, पाय टेकले तरी आवाज होत नसे, घरं मागे सरकत जायची आणि छातीत काहीच दुखायचं नाही. जागी झाल्यावर ती पडल्या पडल्या छातीवर हात ठेवून बघायची. अजून तरी.

पंधराव्या वर्षी आईने तिला सांगितलं. आई शहराची बस चालवायची आणि बोलायचीही तशीच: थांबा आला की थांबायचं, दार उघडायचं, पुढे निघायचं. आगारात फेरी संपलेल्या रिकाम्या बसमध्ये तिने हळूबाईला पुढच्या आसनावर बसवलं, इंजिन बंद केलं आणि चाकावरचे हात न काढता म्हणाली, "तुला जन्म मी दिला. पण बाबाकडून मूल होणार नव्हतं. वयात आल्यावर त्याला गालगुंड झालं होतं, त्यात ते राहून गेलं. मग आम्ही दवाखान्यातून एका दात्याचं बीज घेतलं. कोण, ते आम्हालाही ठाऊक नाही. माणूस बरा असावा, कारण तू बरी निघालीस."

हळूबाईने बराच वेळ समोरच्या काचेवरचे मेलेले किडे बघितले. मग म्हणाली, "म्हणजे बाबा माझा बाबा नाही?"

"तोंड सांभाळ," आई म्हणाली. "बाबा मागे बसलाय."

तो खरंच बसला होता, सगळ्यात मागच्या आसनावर, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. त्याचे कान लाल झाले होते. तीन दिवस हळूबाईने अबोला धरला. चौथ्या दिवशी तिच्या इतिहासाच्या पुस्तकाची पानं सुटली आणि ती नेहमीच्या सवयीने म्हणाली, "बाबा, हे बघ ना," आणि अबोला मोडला.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो गुरुवार आला आणि ती नेहमीसारखी गेली. आता कुणी म्हणेल, एवढी हुशार मुलगी, गणितात पैकीच्या पैकी, आणि हे सोपं गणित तिने मांडलंच नाही? नाही मांडलं. बीज एका कप्प्यात होतं, काळीज दुसऱ्या कप्प्यात, आणि दोन्ही कप्पे एकदम उघडायचे असतात हे कुणाच्या डोक्यात यावं! काळीज तिचं होतं. अकरा वर्षं वापरलेलं होतं. त्या दिवशी वाटेत बाबाने तीनदा सुरुवात केली, "हळूबाई, एक सांगायचं होतं," आणि तीनही वेळा पुढे टपाल कचेरीच्या ओलीबद्दल बोलला.

बीज घेतलं त्या दवाखान्यात एक यादी असायची. एकाच दात्याच्या बीजापासून झालेल्या मुलांना सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा आईबापांच्या संमतीने तिच्यात नाव घालता यायचं, आणि दोन नावं जुळली की पत्र यायचं. हळूबाईने नाव घातलं. पत्र आलं. त्यात दोघं होती. एक सतरा वर्षांचा मुलगा, ताडमाड वाढलेला, म्हणून सगळे त्याला ताड म्हणत. त्याला त्याच्या आईने एकटीने वाढवलं होतं. दुसरी चौदा वर्षांची चिमटी. ती दिसायला चिमटीएवढी आणि बोलायला चिमट्यासारखी. चिमटीला दोन आया होत्या आणि बाप एकही नव्हता. ती हे असं सांगायची, की ऐकणाऱ्याला आपल्या घरी एकच आई असल्याचा संकोच वाटावा.

तिघं भेटली ती तिघांनाही सारख्याच लांब पडणाऱ्या शहरातल्या एका बागेत. सुरुवातीला कुणाला काही सुचेना. बाकावर तिघं ओळीने बसली, तिघांनी हात मांड्यांखाली दाबून ठेवले, आणि आपण तिघंही असेच बसलोय हे आधी चिमटीच्या लक्षात आलं. मग काय, गाडी सुटली. "बूट काढा!" चिमटीने हुकूम सोडला. सहा पाय गवतावर आले. सहाही पायांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब. तिघांचाही डावा पाय उजव्याहून किंचित मोठा, आणि तिघांनीही आयुष्यभर डावा बूट चावतो म्हणून कुरकुर केलेली. बाजूने जाणारी एक बाई थबकून बघायला लागली तर ताड तिला म्हणाला, "काही नाही मावशी, नातं तपासतोय."

हळूबाईला त्या दुपारी तरंगल्यासारखं होत होतं. ऊन तळ्यावर पडलेलं, ते झाडांच्या खालच्या बाजूवर हलत होतं. ताड हसला की त्याच्या डाव्या गालात जे व्हायचं ते तिने फक्त आरशात पाहिलं होतं. आपल्या चेहऱ्याचे तुकडे घेऊन दोन माणसं इतकी वर्षं कुठे तरी फिरत होती, जेवत होती, परीक्षेला बसत होती, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. तिला ते फार गोड वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

ताडने खिशातून घडी घातलेला कागद काढला. दवाखान्यातून मिळालेली दात्याची माहिती. नाव नव्हतं. उंची, रक्तगट, काम: जमिनीची मोजणी. आवड: पोहणे, लांब पल्ल्याचे धावणे. घरातले आजार या रकान्यात फक्त एक रेघ, आणि खाली त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: आजी ब्याण्णव वर्षांची, अजून झाडावर चढते.

"धावणं!" चिमटी ओरडली. "मी शाळेत पहिली आहे. ताड, तू?"

"जिल्ह्यात तिसरा."

"चला, त्या कारंज्यापर्यंत. तिघं. ताई, ऊठ."

"मला नाही पळता येत," हळूबाई म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं, की ते तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. "आमच्या घराण्यात हृदयाचा आजार आहे. माझ्या आजोबांना होता, काकाला होता, आत्याला आहे, बाबाला आहे. मला दर वर्षी तपासतात."

ताडने कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. बोलली ती चिमटी, आणि एकदाच आयुष्यात हळू आवाजात बोलली. "पण ताई, ते बाबांच्या घराण्यातलं ना? मग तुला कुठून येणार?"

हळूबाई तशीच बसून राहिली. तळ्यावरचं ऊन झाडाखाली हलत राहिलं. दोन कप्पे एकदम उघडले, आणि आतलं सगळं एकमेकांत सांडलं.

मग ती उठली आणि अनवाणी पळत सुटली.

तिला पळायचं कसं हेही ठाऊक नव्हतं. हात कुठे ठेवायचे कळेना, तोंड उघडं, केस तोंडात. पण रस्ता मऊ होता. गवत, मग माती, मग पुन्हा गवत. झाडं मागे सरकत होती, बाक मागे सरकत होते, एक म्हातारे गृहस्थ मागे पडले. माणूस मागे पडतो तो कसा, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. छातीत काहीतरी ठोके देत होतं, जोरात, उत्साहाने, आणि काहीच दुखत नव्हतं. ताड आणि चिमटी केव्हाच पुढे गेली होती तरी तिला वाटत होतं की आपण सगळ्या जगाच्या पुढे आहोत. कारंज्याच्या कठड्याला हात लागला तेव्हा ती हसत होती. आणि हसता हसता रडायला लागली.

ताड घाबरला. "दुखतंय का?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही दुखत. म्हणजे ते माझं नव्हतंच."

रोग गेला म्हणून रडणारी माणसं जगात फार नसावीत. पण तिचं जे गेलं होतं तो नुसता रोग नव्हता. आजोबांच्या फोटोकडे बघून ती मनात म्हणायची, "आपलं सारखंच आहे." आत्या हसायची तेव्हा त्या हसण्यात तिचा वाटा असायचा. बीज दुसऱ्याचं आहे हे कळल्यावरही तिला खोल कुठे तरी भक्कम वाटत राहिलं होतं, ते याच काळजाच्या जोरावर. आता ते काळीज बाबाकडे, आत्याकडे, फोटोतल्या आजोबांकडे राहिलं आणि ती एकटी बाहेर उभी होती, ठणठणीत. आणि दुसरं म्हणजे, बारा वर्षं तिने पिशव्या सांभाळल्या होत्या. कशासाठी? हा प्रश्न परतीच्या प्रवासात मोठा मोठा होत गेला आणि शहर आलं तेव्हा त्याचा राग झाला होता.

ती घरी न जाता थेट ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गेली. बाबा एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता. तिने दार लोटलं आणि म्हणाली, "मला हा आजार होऊच शकत नाही. तुला माहीत होतं."

बाबाचा कुंचला पातेल्यात गेला तो तिथेच राहिला. "हो," तो म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. म्हणजे..." त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. "चूक झाली, हळूबाई."

"चूक म्हणजे पुस्तकात पान उलटं लागतं ती! तू मला बारा वर्षं बसवून ठेवलंस, बाबा. मी पळू शकत होते. मला दर वर्षी वाटायचं, या वर्षी निघेल, पुढच्या वर्षी निघेल. मी रात्री छातीवर हात ठेवून झोपायचे. आणि तू वर कप उचलायचास!"

त्याचे कान लाल झाले. पुस्तकाच्या पाठीवरची खळ वाळत चालली होती आणि त्याने ती वाळू दिली. हे त्याने आयुष्यात कधी केलं नसावं.

"येत्या गुरुवारी तपासणीला तू डॉक्टरांना सांगायचं," ती म्हणाली. "माझ्यासमोर. सगळं."

घरी तिने आईलाही धारेवर धरलं. आईने बूट काढत ऐकून घेतलं. "मी पहिल्याच दिवशी त्याला झापलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षीही झापलं. मग तुम्ही दोघं गुरुवारचे परत यायचात ते तोंड बघून माझीच जीभ उचलेना. तो दोष माझा. बाकीचं त्याला विचार."

ते चार दिवस हळूबाईला नीट झोप लागली नाही. राग होता, तो तर होताच. पण रागाच्या खालून एक गार, ओली भीती वर येत होती. गुरुवारी बाबा डॉक्टरांना सांगणार की ही माझी नाही. तिनेच तसं सांगायला लावलं होतं. ते एकदा मोठ्याने बोललं गेलं, कागदावर लिहिलं गेलं, की मग बाबाचा आणि तिचा संबंध काय उरणार? पुस्तकांची पानं सुटली तरच का? तिला वाटलं, जाऊन सांगावं, राहू दे बाबा. पण मग पळणं राहू द्यावं लागलं असतं. ती गेली नाही.

गुरुवारी दोघं चालत निघाली. सवयीने कुणाला मागे टाकलं नाही. मध्ये एक हात अंतर होतं, ते शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

डॉक्टर आता पार म्हातारे झाले होते. "आली का आमची जोडी!" ते म्हणाले आणि बापलेकीची एकत्र बांधलेली जाड फाइल ओढली. बाबा खुर्चीवर बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"डॉक्टर, एक दुरुस्ती करायची आहे. बारा वर्षांपूर्वीची." त्याने श्वास घेतला. "हिला माझ्या घराण्याचा आजार होण्याचा प्रश्नच येत नाही. आम्हाला मूल झालं ते दात्याच्या बीजापासून."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फाइलचं अगदी पहिलं पान काढलं. "हे माझं अक्षर," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मी प्रत्येकाला विचारतो, मूल आहे का, आणि असेल तर स्वतःचं आहे का. कारण दत्तक असेल, काही असेल, तर तपासायची गरज नसते. इथे लिहिलंय, 'स्वतःचं.' तुम्ही सांगितल्याशिवाय मी लिहिणार नाही. मुलीला बारा वर्षं बांधून ठेवलंत तुम्ही! लोकांपासून लपवायचं समजू शकतो. डॉक्टरपासून काय लपवायचं होतं?"

"लपवायचं नव्हतं," बाबा म्हणाला. "मी विसरलो होतो."

"काय विसरलात?"

"तेच. ही माझ्या बीजाची नाही हे." तो खुर्चीकडे बघत बोलत होता. "ही तेव्हा चार वर्षांची. त्या दिवशी इथेच माझ्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून 'बाबा, तुझी राहिली, घे' म्हणत होती. तुम्ही विचारलंत, स्वतःची का. मी हिच्याकडे बघत होतो. म्हटलं, हो तर. मला दुसरं काही आठवलंच नाही, डॉक्टर. घरी गेल्यावर हिची आई म्हणाली, 'काय सांगून आलास तू हे?' तेव्हा आठवलं."

"मग दुसऱ्या दिवशी यायचं होतं."

"आलो होतो. या दारापर्यंत आलो होतो. आत येऊन एवढंच म्हणायचं होतं, की माझी नाही. ते शब्द तोंडातून निघेनात. मग म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू." त्याने आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुझं पळणं मी खाल्लं, हळूबाई. ते मला परत देता यायचं नाही."

लपवलं, खोटं सांगितलं, भित्रा निघाला, हे सगळं हळूबाईने चार दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. विसरला असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बारा वर्षांचा राग एका शब्दाने जात नसतो आणि तो गेलाही नाही. पण डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत.

डॉक्टरांनी फाइलची दोरी सोडली, तिचे सगळे कागद वेगळे काढले आणि वरच्या कागदावर एक तिरकी रेघ मारली. "झालं," ते म्हणाले, जरा घोगऱ्या आवाजात. "मुली, तू मोकळी. पळ, पोह, डोंगर चढ. इथे परत यायचं कारण नाही तुला."

बाबाला आत नेलं. हळूबाई बाहेरच्या बाकावर बसली. तिच्या हातात तिच्या कागदांचा गठ्ठा होता. मोकळी. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून आवाज सुरू झाला, तो जड, ओला, दमलेला आवाज. एकटाच. त्याच्याबरोबरची चुळुक चुळुक नसताना तो तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. बारा वर्षं ती त्या खोलीत आपल्या काळजाला घाबरून पडलेली असायची, आणि शेजारच्या खाटेवर बाबा आहे, दोघं एकाच नावेत आहोत, एवढ्याने तिला धीर यायचा. आज ती किनाऱ्यावर उतरली होती. नावेत बाबा एकटा होता. आजोबांना चव्वेचाळिसावं होतं. बाबाला सत्तेचाळिसावं चालू होतं. हा हिशेब तिने याआधी कधी केलाच नव्हता.

ती उठली आणि दार ढकलून आत गेली.

तंत्रज्ञ बाई नव्या होत्या. त्यांनी काचेवरची नजर न काढता हात वर केला. "नातेवाईकांनी बाहेर थांबायचं."

"नातेवाईक आहे म्हणून तर आत आलेय," हळूबाई म्हणाली, आणि पडद्यापलीकडची रिकामी खाट सोडून तिने स्टूल बाबाच्या उशाशी ओढलं. काचेवर करड्या पाण्यात त्याचं काळीज उघडत होतं, मिटत होतं. तिने त्याचा हात हातात घेतला. खळीने त्याची बोटं खरखरीत झालेली होती.

"बाई," ती म्हणाली, "किती जाड झालंय, ते मला नीट सांगा."